रिजायना ते कॅलगरी: जाताना अर्धा तास, येताना अडीच

मी अंतर बोलतोय. कुठलं अंतर म्हणाल, तर रिजायना आणि कॅलगरी या दोन शहरांच्या मधलं. मला भेटायला कधी कुणी येत नाही, सगळे येतात ते ओलांडायला. ओलांडताना जांभया देतात, वाटेतल्या मेडिसिन हॅट गावाच्या अलीकडे "अजून किती राहिलंय?" म्हणून एकमेकांवर वैतागतात, आणि पोचले की मला साफ विसरून जातात. तरी माझा स्वभाव मजेचा आहे. जन्मभर पडूनच राहायचं म्हटल्यावर तो मजेचा ठेवावाच लागतो.

अंतराला जन्मायला दोन टोकं लागतात. माझं एक टोक आधी आलं. दोन नद्यांच्या संगमावर लाल कोटवाल्या पोलिसांनी किल्ला बांधला, तेच कॅलगरी. दुसरं टोक काही वर्षांनी उगवलं. जिथे रानगव्यांच्या हाडांचे ढीग पडले होते, तिथे एका ओढ्याकाठी आगगाडीवाल्यांनी तंबू ठोकले आणि त्या चिखलाला राणीचा मान म्हणून रिजायना, म्हणजे राणी, असं भारदस्त नाव दिलं. झालं, त्या दिवसापासून मी आहे.

जमीन अर्थात माझ्याही आधीची. तिच्यावरून इथले मूळचे क्री लोक गव्यांच्या मागे फिरायचे. अमुक जागा किती लांब, असं विचारलं की ते म्हणायचे, इतक्या झोपा. म्हणजे वाटेत तितक्या रात्री काढायच्या. तेव्हापासून इथली खोड तीच आहे. आजही रिजायनात कुणालाही विचारा, कॅलगरी किती लांब? तो किलोमीटर सांगायचा नाही. "साडेसात तास," म्हणेल, आणि वर, "वाटेत स्विफ्ट करंट गावी कॉफीला थांबलात तर आठ." माझं खरं माप सरकारदरबारी नोंदलेलं आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारली नाही.

मग विमान आलं आणि मी दीड तासाचा झालो. लोक म्हणाले, अंतर कमी झालं. डोंबलाचं कमी! मी वीतभरसुद्धा आटलेलो नाही. तीच गव्हाची शेतं, तीच कुंपणं, हायवेकडेला उभी असलेली तीच ती हरणं. माणसं वरून गेली, एवढंच.

पण एक गंमत माझ्या हातात आहे, आणि ती मी दर हिवाळ्यात मनसोक्त करतो. त्याचं असं आहे की, रिजायनाचे लोक घड्याळाला हात लावत नाहीत. बाकीचा बहुतेक देश मार्च महिन्यात घड्याळ तासभर पुढे करतो आणि नोव्हेंबरात परत मागे घेतो. रिजायनाच्या प्रांतात, सस्कॅचवानमध्ये, हा उद्योग कुणी करत नाही. गाईला काय कळतं तुमचं घड्याळ, असं म्हणून ते गप्प बसतात. त्यामुळे उन्हाळ्यात रिजायना आणि कॅलगरीची वेळ एकच असते, पण हिवाळ्यात कॅलगरी तासाने मागे पडतं. आणि विमानाच्या तिकिटावर वेळ छापतात ती ज्या त्या गावाची. हिवाळ्यात रिजायनाहून नऊला निघालेलं विमान कॅलगरीला उतरतं साडेनऊला. कागदावर अर्ध्या तासात! परत येताना चारला निघतं आणि साडेसहाला पोचतं. कागदावर अडीच तास. खरं म्हणजे जाता-येता दीडच, पण कागद वाचून माणसाचा चेहरा कसा होतो, ते बघायला मला फार आवडतं.

या खोडीत माझ्या तावडीत सापडलेला सगळ्यात मोठा मासा म्हणजे नेस्टर बाबियुक.

नेस्टर रिजायनाचा. जन्मभर त्याने शेतीच्या यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं. बोलणं मोजकं, हट्ट मात्र भरपूर. त्याची एकुलती एक मुलगी लारिसा लग्न करून कॅलगरीला गेली. नेस्टरची बायको स्टेफा होती तोवर मला या घराची चांगली सवय होती. दर दोन-तीन महिन्यांनी ती नवऱ्याला गाडीत घालायची, मागच्या सीटवर बर्फाचा डबा ठेवायची, डब्यात उकडलेल्या बटाट्याच्या करंज्या, त्यांच्या भाषेत पिरोही, आणि माझ्यावरून सुसाट निघायची. गाडी नेस्टर चालवायचा आणि नेस्टरला ती चालवायची. साडेसात तास तिच्या तोंडाला खळ नसायचा. मला तिच्यामुळे त्यांच्या चर्चच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत.

चार वर्षांपूर्वी स्टेफा गेली आणि बापलेकीच्या मधला दुवाच तुटला. भांडण झालं म्हणाल तर तसंही नाही. नेस्टर दर रविवारी तिला फोन करायचा, कॅलगरीच्या सहाच्या ठोक्याला. म्हणजे स्वतःच्या घड्याळात हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात सहा. हा हिशेब त्याचा एकदाही चुकला नाही, हे लक्षात ठेवा. पण फोनवर बोलणं काय, तर तुमच्याकडे बर्फ किती पडला, आमच्याकडे किती पडला. तिला वाटायचं, यांना यायचं असतं तर आले असते. त्याला वाटायचं, हिला मी हवा असतो तर हिने बोलावलं असतं. दोघंही एकाच मातीची. आणि खापर फोडायला मी होतोच. "लांब पडतं ना," असं दोघंही आपापल्या शेजाऱ्यांना सांगायची. मी मुकाट ऐकून घेत होतो.

त्यातच गेल्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू वाढला म्हणून नेस्टरचं गाडी चालवणं बंद झालं. आणि त्याच हिवाळ्यात, रविवारच्या फोनवर बर्फाचं बोलून झाल्यावर लारिसा म्हणाली की, तातो, या वर्षी नाताळला इकडे या ना. तातो म्हणजे बाबा. तिला दिवस गेलेत हे त्याला माहीत होतं. जावई डग दूर उत्तरेला तेलविहिरींच्या छावणीवर कामाला असतो, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी, हेही माहीत होतं. त्याने बघतो म्हणून फोन ठेवला. पण चार वर्षांत तिने पहिल्यांदा ये म्हटलं होतं, आणि आता नाही गेलो तर पुन्हा म्हणायची नाही, हे त्याला चांगलंच कळत होतं.

अडचण एकच. नेस्टर विमानाला टरकतो. बसने जायचं तर कंबर साथ देत नाही. राहतं काय, तर विमान. स्टेफाने आयुष्यभर विनवण्या केल्या, तरी तो कधी त्यात चढला नव्हता. लोखंड हवेत जातं यावर त्याचा विश्वास नव्हता, आणि लोखंडाचं कळतं ते मला, असं त्याचं म्हणणं.

शेजारच्या आल्विनने शेवटी त्याला ट्रॅव्हल एजंटकडे नेलं. बाईने तिकीट पुढे केलं. नेस्टरने चष्मा पुसला, वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला. नऊला निघणार, साडेनऊला पोचणार. अर्धा तास! अर्धा तास काय, दाढदुखीसुद्धा माणूस सोसतो. त्याने लगेच पैसे दिले. ज्या माणसाचा रविवारचा हिशेब चार वर्षांत चुकला नव्हता, त्याच्या डोक्यात हा एक तास शिरला नाही. भीतीने घेरलेला माणूस कागदावर त्याला हवं तेच वाचतो. मी तर पोट धरून हसत होतो.

बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, म्हणजे कर्लिंगच्या क्लबात त्याने ते तिकीट सगळ्यांना दाखवलं. आजकालची विमानं किती पुढे गेलीत, अर्ध्या तासात कॅलगरी, असं सांगत सुटला. क्लबात एकूणएक माणूस सस्कॅचवानचा. गोम कुणाच्या लक्षात आली नसेल? आल्विनने तिकीट पाहिलं, नेस्टरकडे पाहिलं, आणि कॉफीत आणखी एक चमचा साखर घातली. बाकीचेही हूं की चूं न करता बसले. नेस्टरने एकदाचं पोरीकडे जावं, असं त्या सगळ्यांना वाटत होतं.

निघायच्या दिवशी नेस्टरने स्टेफाचा तोच बर्फाचा डबा काढला, चर्चमधल्या बायकांकडून पिरोही भरून घेतल्या, आणि छातीवर क्रॉस करत विमानात चढला. विमान उडालं. त्याने खुर्चीचे हात असे आवळले की शेजारच्या बाईला हात ठेवायला जागा उरली नाही. नजर सारखी मनगटावर. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस. झालं की, आता उतरेल. साडेनऊ झाले.

विमान उतरेना. खाली मी पसरलेलो, वर ढग, आणि विमान आपलं सरळ चाललेलं. नेस्टरच्या कपाळावर घाम फुटला. त्याची खात्रीच पटली की कॅलगरी मागे राहिलं आणि चालकाला ते सांगायचा कुणाला धीर होत नाही. त्याने हवाई सुंदरीला बोलावून खालच्या आवाजात सांगितलं की, बाई, खरं काय ते मला सांगा, मी कुणाला सांगणार नाही. तिला काही कळेना. तिने त्याला पाणी आणून दिलं.

शेवटी शेजारची बाई, मूस जॉ गावची कुणी शिक्षिका होती, त्याच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, "आजोबा, हे घड्याळ रिजायनाचं ना? मग कॅलगरीत आत्ता साडेआठच वाजलेत."

नेस्टरचा चेहरा आधी पांढरा होता, तो लालबुंद झाला. तो पुढचा तासभर खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, आता हा मला शिव्या घालणार. पण तो पुटपुटत होता ते स्टेफाशी. तू असतीस तर चार वर्षं चर्चमध्ये हे सांगत सुटली असतीस, असं काहीतरी.

कॅलगरीत टॅक्सीतून उतरून तो दारात उभा राहिला, तर दार उघडायला लारिसाला बराच वेळ लागला. डॉक्टरांनी तिला उठू नको म्हणून सांगितलं होतं. हे तिने फोनवर कळू दिलं नव्हतं. मोरीत भांड्यांचा ढीग, सोफ्यावर उशी-पांघरूण, डग छावणीवर. नेस्टरने डबा खाली ठेवला, कोट काढला आणि सरळ भांड्यांकडे वळला. तिने तोंड उघडलं तर म्हणाला, प्रवास छान झाला, अगदी अर्धा तास लागला.

त्यांच्या चर्चच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळ जानेवारीत येतो. आदल्या संध्याकाळी बारा पदार्थ लागतात, आणि त्यात मांसमच्छीपैकी चालते ती फक्त मच्छी. नेस्टरला जन्मात अंडंसुद्धा उकडता आलं नव्हतं. लारिसा सोफ्यावर आडवी पडून हुकूम सोडत होती आणि हा स्वयंपाकघरात आपटत-धोपटत होता. बीट करपलं. गव्हाच्या खिरीत गोळे झाले. हेरिंग मासे तेवढे बाजारातले होते म्हणून वाचले. बाराचे नऊ झाले, आणि मग नेस्टरने मीठ, लोणी आणि पाव असे तीन वेगवेगळे पदार्थ धरून हिशेब पुरा केला. लोणी उपासाला चालत नाही म्हणून लारिसा ओरडली, आणि ओरडता ओरडता इतकी हसली की त्याने घाबरून डॉक्टरांचा नंबर शोधायला घेतला. त्या घरात चार वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

मग परतीचा दिवस जवळ आला. आदल्या दुपारी लारिसा भिंतीकडे बघत म्हणाली की, उद्यासाठी टॅक्सी सांगायला हवी ना. तिला थांबा म्हणायचं होतं. त्याला थांबू का विचारायचं होतं. दोघांपैकी एकाच्याही तोंडून ते फुटेना, आणि इकडे माझा जीव कासावीस झाला. एरवी लोकांनी जावं-यावं यातच माझं सुख, पण त्या दिवशी मला वाटलं, एखादं वादळ यावं आणि विमानतळ बंद पडावा.

नेस्टरने खिशातून परतीचं तिकीट काढलं. चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिला.

"हे काय?" तो म्हणाला. "चारला निघणार आणि साडेसहाला पोचणार. येताना अर्धा तास, आणि जाताना अडीच? मी नाही बसायचा असल्या विमानात."

मी तर गारच पडलो. विमानात लाल झालेलं तोंड मी स्वतः पाहिलं होतं. या माणसाला आता सगळं पक्कं ठाऊक होतं. तरी तो माझ्यावर असा धडधडीत आळ घेत होता, आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नव्हता.

लारिसाने त्याच्याकडे पाहिलं. जिला चार वर्षं दर रविवारी ठोक्याला फोन येत होता, तिला काय कळायचं राहणार होतं? ती म्हणाली, "हो ना, तातो. फारच लांब आहे. मार्चमध्ये कमी होतं म्हणे. तोवर थांबा."

"थांबतो," नेस्टर म्हणाला. "उगाच जिवाशी खेळ कशाला." आणि बटाटे सोलायला गेला.

माझी आयुष्यभराची खोडी या दोघांनी माझ्याच डोळ्यांदेखत पळवली. रागवावं की हसावं ते कळेना.

या साऱ्यात बिचाऱ्या डगची पंचाईत झाली. डग म्हणजे सरळ रेघ. त्याने छावणीवरून फोन करून सासऱ्याला सगळं समजावलं. सासऱ्याला नेमकं तेव्हा ऐकू येईना. सुट्टीवर घरी आला तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर दोन संत्री ठेवली, एक कॅलगरी, एक रिजायना, आणि दिव्याखाली फिरवून दाखवली. नेस्टरने सगळं लक्षपूर्वक पाहिलं, मान डोलावली, आणि रिजायना सोलून खाल्लं. लारिसा खोकल्याची उबळ आल्याचं सांगून आत निघून गेली.

फेब्रुवारीत लारिसाला मुलगी झाली, नादिया. पहाटे रडायची ती फक्त आजोबाच्या खांद्यावर गप्प व्हायची. यंत्राच्या साखळीला तेल घालावं तशा सावकाश हाताने तो तिची पाठ चोळायचा आणि तिला कुठल्या ट्रॅक्टरचा कुठला भाग कसा बसतो ते समजावून सांगायचा.

आणि मार्चमधला तो घड्याळ पुढे करायचा रविवार आला. सकाळी लारिसा उठली, चहा केला, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली नाही. नेस्टरनेही तिकडे पाहिलं नाही. दोघं मुकाट पाव खात होती. नेमका डग घरी होता. तो खाली आला, स्वतःच्या फोनकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून तिच्यावर चढला.

राहू दे ना, लारिसा म्हणाली. तो म्हणाला, चुकीचं घड्याळ राहू द्यायचं म्हणजे काय, आणि काटा तासभर पुढे सरकवला. मग खाली उतरून आनंदाने सासऱ्याकडे वळला. चांगली बातमी आहे, म्हणाला. मंगळवारचं विमान त्याने बघून ठेवलं होतं. चारला निघतं आणि साडेपाचला पोचतं. आता तर काही भीती नाही ना?

नेस्टरने हातातला पाव खाली ठेवला. निघायलाच हवं, म्हणाला. आल्विन बिचारा एकटाच दारातला बर्फ उपसत असेल. तो उठला आणि फळीवरचा रिकामा बर्फाचा डबा काढायला गेला. आता त्याला माझ्या नावावर ढकलायला काहीच उरलं नव्हतं. तिलाही नाही. मी इतका लख्ख, इतका दीड तासाचा कधीच नव्हतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली.

लारिसा नादियाला कडेवर घेऊन उभी होती.

"तातो, जाऊ नका," ती म्हणाली. "मला एकटीला जमत नाही. आई गेल्यापासून मला काहीच जमत नाहीये."

नेस्टर पाठमोरा तसाच उभा राहिला. डबा त्याच्या हातात होता.

"मलाही नाही गं," तो म्हणाला.

डगने तोंड उघडलं, "पण दीडच तास आहे हो" असंच काहीतरी म्हणणार असेल. लारिसाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो टेबलावरची संत्री घेऊन बाहेर गेला.

हे झालं मागच्या मार्चमध्ये. आता रिजायनाच्या त्या घरात आल्विनची भाची राहते. मोतीबिंदूचं ऑपरेशन कॅलगरीतच झालं. बाबियुकांच्या घरातलं कुणी सध्या माझ्याकडे फिरकत नाही. मी आपला पडलोय, वरून विमानं जातायत, खालून ट्रक जातायत. स्टेफाच्या वेळच्या गप्पांची आठवण येते, नाही असं नाही. पण त्या घराने मला विसरलंय, हे मला आवडतं.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याकडेही माझा कुणी ना कुणी भाऊबंद असेलच, दोन गावांच्या किंवा दोन माणसांच्या मधे पसरलेला. त्याला मोजा, ओलांडा, कंटाळून शिव्या घाला, आम्हाला सगळं चालतं. पण तुमच्या हट्टाचं बिल त्याच्या नावावर फाडू नका. मी एवढी वर्षं इथे पडलोय, पण "ये" म्हणायला निघालेल्या एकाही माणसाची वाट मी अडवलेली नाही. ती माणसं घरातून निघालीच नव्हती.